प्रोपोलिस आधी वर्ध्यात तपासा

घसा बसला, तोंड आले, जखम चिघळली, की प्रोपोलिसचे दोन थेंब घ्या, असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. मधमाशीचे ते देणे, म्हणून त्यावर पटकन विश्वासही बसतो. पण परदेशातल्या अभ्यासांच्या भरवशावर इथला माल औषध म्हणून विकणे योग्य नाही. मधमाश्या झाडांच्या कळ्यांवरची आणि सालीवरची राळ आणतात, तीत मेण मिसळतात आणि पेटीच्या फटी बुजवतात; तेच प्रोपोलिस. युरोपात ही राळ मुख्यतः पॉपलरची असते, ब्राझीलचे हिरवे प्रोपोलिस तिथल्या एका रानझुडपापासून बनते. झाड बदलले की रसायने बदलतात. वर्ध्याच्या शिवारात पळस, बाभूळ, साग आहेत; पॉपलरच्या राळेचे गुण इथल्या बाटलीला चिकटवायचे कशाच्या आधारावर? शिवाय आपली देशी सातेरी मधमाशी प्रोपोलिस जमवतच नाही, तिच्या पेटीतली चौकट अलगद वर येते. परदेशी मेलिफेरा मधमाशीची चौकट मात्र हत्याराने उचकटावी लागते, इतकी ती राळेने घट्ट बसलेली असते. तेव्हा पेटीतून खरवडलेले हे प्रोपोलिस बाहेरून आणलेल्या माशीचे असते, पूर्वजांच्या अनुभवाचा हवाला त्याला लागू पडत नाही.

प्रोपोलिस निरुपयोगी आहे असे मुळीच नाही. कर्करोगाच्या उपचारांत तोंडात होणारे व्रण, ओठांवरचे हर्पिसचे फोड यांवर छोट्या चाचण्यांत काही फायदा दिसला आहे. प्रयोगशाळेत ते जिवाणूंची वाढ रोखते, पण बशीतले जिवाणू मरणे वेगळे आणि माणूस बरा होणे वेगळे. अपाय मात्र चांगले नोंदलेले आहेत. प्रोपोलिसने त्वचेवर ॲलर्जी उठते, मधमाशीपालकांनाही हा त्रास होतो. दमा किंवा मधमाशीच्या पदार्थांची ॲलर्जी असलेल्यांनी ते टाळावे. बाटलीतला अर्क बहुधा अल्कोहोलात काढलेला असतो, हे दारूबंदी असलेल्या या जिल्ह्यात मुलाला थेंब देणाऱ्या आईला कोणी सांगत नाही. राळ आणि मेण कीटकनाशकांचे अंशही धरून ठेवतात. शेजारच्या यवतमाळात 2017 मध्ये कपाशीवरच्या फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी नाही.

म्हणून औषध म्हणून विकण्याआधी इथले प्रोपोलिस तपासले जावे. चार पेट्या ठेवणाऱ्याला अशा चाचण्या परवडणार नाहीत, ही हरकत रास्त आहे. म्हणूनच तो भार संस्थांनी उचलावा. 1934 मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला तो गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांच्या देखरेखीखाली, ग्रामोद्योगांना संशोधनाची जोड देण्यासाठीच. आज वर्ध्याच्याच मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, सेवाग्रामात 1969 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. एकीने नमुन्यांतली रसायने आणि विषांश तपासावेत, दुसऱ्याने रुग्णांवरचा परिणाम. हे गांधीजींच्या निसर्गोपचाराच्या विरोधात जाते असे ज्यांना वाटेल, त्यांनी 1924 आठवावे: मातीच्या पट्ट्यांवर श्रद्धा असलेल्या गांधीजींनी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया पुण्याच्या ससूनमध्येच करून घेतली. तपासणी होईपर्यंत वेष्टनावर माशी कोणती, माल कुठला, अल्कोहोल किती, एवढे छापावे आणि रोग बरा करण्याचा दावा गाळावा. खोकल्यासाठी मध मात्र खुशाल द्यावा. त्याला चाचण्यांचा आधार आहे, फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला तो चाटवू नये.