शांततेची किंमत कोणी मोजली?



महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकाचे समर्थन करताना मागील अंकातील पत्रलेखकाने ‘मोर्चे नाहीत म्हणून सिंगापूर सुखी’ असा दाखला दिला. मी इथेच राहतो आणि मला तो मुळीच मान्य नाही.

८ डिसेंबर २०१३ च्या रात्री लिटल इंडियात तमिळनाडूतून आलेला एक बांधकाम मजूर खासगी बसखाली सापडून मरण पावला आणि दंगल उसळली. पोलिसांनी एकही गोळी झाडली नाही, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण पुढे काय झाले? पंचवीस जणांवर खटले भरले गेले. पन्नासहून अधिक मजुरांची खटल्याविनाच मायदेशी रवानगी झाली. चौकशी समितीने दारू आणि गैरसमजावर बोट ठेवले, नोकरीतल्या हालांचे कारण अमान्य केले. २०१५ मध्ये मद्यनियंत्रणाचा कायदा आला.

हे हाल मांडायचे तरी कुठे? २००९ च्या कायद्याने इथे एकट्याने फलक धरायलाही परवाना लागतो. हाँग लिम पार्कमध्ये नागरिकांना सवलत आहे, परदेशी मजुराला तीही नाही. असा कायदा महाराष्ट्राने आदर्श मानावा, असे पत्रलेखकाला खरोखर वाटते का?

— एक मराठी वाचक, सिंगापूर