हिग्ज एकटाच, की आणखी भाऊबंद?

४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेने नवा कण सापडल्याचे जाहीर केले आणि हिग्ज बोसॉन घराघरांत पोहोचला. प्रोटॉनच्या सुमारे १३३ पट वस्तुमानाच्या या कणामुळे मूलकणांच्या ‘स्टँडर्ड मॉडेल’मधली शेवटची रिकामी जागा भरली. पुढच्याच वर्षी पीटर हिग्ज आणि फ्रान्स्वा अँग्लेर यांना नोबेल मिळाले. खरे तर इथेच गोष्ट संपायला हवी होती. पण भौतिकशास्त्रज्ञांची खरी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

कारण हे मॉडेल बिनचूक असले तरी पुरेसे नाही. विश्वात नेहमीच्या द्रव्याच्या सुमारे पाचपट असलेले कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे, हे ते सांगत नाही. न्यूट्रिनोंना वस्तुमान का आहे, विश्वात द्रव्य उरले आणि प्रतिद्रव्य कुठे गेले, याचेही उत्तर त्यात नाही. शिवाय खुद्द हिग्जचे कोडे आहेच. निसर्गात याहून खूप जड कण असतील, तर क्वांटम नियमांनुसार त्यांच्या प्रभावाने हिग्जचे वस्तुमानही अवाढव्य व्हायला हवे. ते इतके कमी कसे राहिले?

यावर शास्त्रज्ञांनी सुचवलेले उत्तर आहे सममितीचे. अर्धी रांगोळी पाहून उरलेली अर्धी कशी असेल ते आपण सांगू शकतो, तसेच हे. असा अंदाज पूर्वी खरा ठरलेला आहे. १९६२ मध्ये मरे गेल-मान यांनी दहा कणांच्या एका आकृतिबंधात नऊच जागा भरलेल्या पाहिल्या आणि दहावा कण कसा असेल ते सांगितले. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत तो ‘ओमेगा-वजा’ कण सापडला. त्यामुळे सममितीवरचा भरवसा ही निव्वळ सौंदर्यदृष्टी नव्हती.

सत्तरच्या दशकात पुढे आलेली ‘सुपरसिमेट्री’ ही याच वाटेवरची मोठी झेप. इलेक्ट्रॉन, क्वार्क यांसारख्या फर्मिऑन कणांना बोसॉन जोडीदार आणि बोसॉनना फर्मिऑन जोडीदार असावा, असे ती सांगते. मग हिग्जच्या वस्तुमानात एका कणाने घातलेली भर त्याचा जोडीदार वजा करतो आणि कोडे सुटते. काही प्रारूपांत कृष्णद्रव्यासाठी योग्य कणही आपसूक मिळतो. मात्र या सममितीत एक हिग्ज क्षेत्र पुरत नाही, किमान दोन लागतात. हिशेब सोपा आहे. प्रत्येक क्षेत्राचे चार भाग असतात. त्यांतले तीन डब्ल्यूचे दोन आणि झेड अशा तीन कणांना वस्तुमान देण्यात खर्ची पडतात. एकच क्षेत्र असेल तर चारातून तीन गेले, एक हिग्ज उरला. दोन असतील तर आठातून तीन गेले, पाच हिग्ज उरले: तीन विद्युतभाररहित, एक धनभारित आणि एक ऋणभारित.

या शोधात मराठी मातीचाही वाटा आहे. पुण्यात वाढलेल्या आणि बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या डॉ. रोहिणी गोडबोले यांनी हे कण यंत्रात कोणत्या खुणांनी ओळखता येतील, यावर आयुष्य वेचले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ सर्नच्या ‘सीएमएस’ प्रयोगात सहभागी आहेत.

आणि आजवरचा निकाल? एकही नवा जोडीदार नाही, एकही जादा हिग्ज नाही. साध्या प्रारूपांतले काही जोडीदार तर प्रोटॉनच्या दोन हजारपट वस्तुमानापर्यंत नसल्याचे दिसून आले आहे. मधे एकदा आशा पालवली होती. डिसेंबर २०१५ मध्ये सर्नच्या दोन्ही मोठ्या प्रयोगांना प्रोटॉनच्या सुमारे ८०० पट वस्तुमानापाशी नव्या कणाची चाहूल लागली. काही महिन्यांत शेकडो शोधनिबंध लिहिले गेले, त्यांत जादा हिग्जची स्पष्टीकरणेही होती. ऑगस्ट २०१६ मध्ये अधिक माहिती जमली आणि चाहूल विरून गेली. तो योगायोगाचा खेळ होता. निव्वळ योगायोगाची शक्यता ३५ लाखांत एक इतकी कमी झाल्याशिवाय शोध जाहीर करायचा नाही, हा या क्षेत्राचा दंडक किती मोलाचा आहे, हे त्या वेळी कळले.

प्रश्न आता पैशांचाही आहे. सध्याचे यंत्र २७ किलोमीटर परिघाचे आहे. त्याहून मोठे, सुमारे ९१ किलोमीटरचे यंत्र उभारण्याचा सर्नचा प्रस्ताव असून पहिल्या टप्प्याचा अंदाजित खर्चच सुमारे १५ अब्ज स्विस फ्रँक आहे. ‘काहीच सापडले नाही, मग कशाला?’ असे विचारणारे आहेत, तसे ‘पुढच्या यंत्रात नवे कण मिळतीलच’ असे सांगणारेही आहेत. दोघांचेही चुकते. न सापडणे हेही ज्ञानच आहे. त्यामुळे चुकीच्या वाटा बंद होतात. पण एखादा सिद्धांत सुंदर आहे म्हणून निसर्गावर त्याप्रमाणे वागण्याचे बंधन नाही, आणि नव्या कणांची हमी देऊन जनतेचा पैसा मागणे प्रामाणिकपणाचे नाही.

मोठ्या यंत्राचे खरे समर्थन वेगळे आहे. हाती आलेल्या हिग्जलाच आपण अजून पुरते ओळखत नाही. डब्ल्यू आणि झेड कणांशी त्याचे नाते दहा टक्क्यांहून कमी अनिश्चिततेने मोजले गेले आहे, पण हिग्जचे हिग्जशी असलेले नाते जवळपास अज्ञात आहे. त्याला भाऊबंद असतील, तर ते प्रत्यक्ष न दिसताही या हिग्जच्या वागण्यात काही टक्क्यांचा फरक पाडू शकतात. तो पकडायचा तर अधिक बारीक मोजमाप हवे. त्यातून नवे काही निघो वा न निघो, मिळणारा आकडा कायमचा उपयोगी राहील.

भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. पुढच्या यंत्रात किती आणि कसा वाटा उचलायचा, हे आपल्यालाही ठरवावे लागेल. ते ठरवताना चमत्काराचे आश्वासन मागू नये आणि कोणी दिलेच तर त्यावर विसंबू नये. काय मोजणार, किती अचूक मोजणार आणि आपल्या तरुण संशोधकांना त्यात कोणते काम मिळणार, एवढे विचारले तरी पुरे.