विमानतळावरचा डबा



डिसेंबरमध्ये सासूबाईंना घेऊन कोल्हापूरहून हैदराबादला नणंदेकडे गेले. विमान साडेचारचं होतं. आईंचा रात्रिभोजनत्याग ४० वर्षांचा. सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं आधी त्यांचं पाणीसुद्धा बंद होतं. त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा सव्वापाचच्या आत सगळं आटपायला हवं. पिशवीत दशम्या होत्या, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी होती. चारला बसून खाऊ, असं ठरलं होतं.

छोट्या विमानतळावर खायला एखादाच काउंटर. समोसा, सँडविच, चहा, कपातले नूडल्स. आमच्या पुढचे एक गृहस्थ, आपल्यातलेच, त्या पोराशी भांडत होते. "जैन म्हणता आणि आत बटाटा?" पोरगा बिचारा म्हणत होता, "कांदा घातला नाही, साहेब." सगळे वळून बघायला लागले. मला इतकं लाजल्यासारखं झालं की मी डबा काढलाच नाही. आईंना म्हटलं, आता बोलावतीलच, थोडं थांबू.

मग "अर्धा तास उशीर", पुन्हा "अर्धा तास". आई गप्प बसून होत्या. सव्वापाच वाजले तसे त्यांनी हात जोडले, णमोकार म्हटला आणि पिशवीची चेन लावली. मला एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नणंदेकडे सूर्य वर आल्यावर त्यांनी पाणी घेतलं. ७२ वर्षांच्या बाईला मी माझ्या लाजेपायी उपाशी ठेवलं.

म्हणून आज स्पष्ट लिहिते. व्रत आपलं आहे, त्या काउंटरवरच्या पोराचं नाही. दिवसाला मोजकी विमानं सुटतात तिथे त्याने आपल्यासाठी वेगळी कढई ठेवावी, ही अपेक्षाच मला पटत नाही. शिवाय तिथे 'जैन' म्हणजे फक्त कांदा-लसूण नाही, एवढाच अर्थ उरलाय. कंदमुळाचं, वेळेचं कोण बघणार? आपणच. विमान वेळेवर सुटलं असतं तरी मी चुकलेच असते. हैदराबादला सूर्य आपल्यापेक्षा साधारण पाव तास आधी मावळतो, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

विमान कंपनीकडे मात्र मागणं आहे. उशीर एकदाच, खरा सांगा. दोन तास तर दोन तास. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांनी मधुमेहाची गोळी घेणाऱ्याचं, तान्ह्या बाळाच्या आईचंही वेळापत्रक कोलमडतं. हे केवळ आपलं जैनांचं गाऱ्हाणं नव्हे.

परतीला मी तपासणी झाल्या झाल्या खुर्चीवर पंचा अंथरला आणि डबा उघडला. कुणी बघितलंही नाही. आईंनी दोन दशम्या खाल्ल्या आणि म्हणाल्या, "चटणी जरा खारट झालीय."

जाता जाता एक सांगते. बांधून नेताना कोरडंच न्या. दही, पातळ भाजी, लोणचं तपासणीत अडकू शकतं. आणि सुक्या खोबऱ्याची वाटी पिशवीत टाकू नका. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापू शकतं, म्हणून विमानाच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याचं नाव आहे. नणंदेसाठी घेतलेल्या माझ्या चार वाट्या घरीच राहिल्या.