कार्ड बदलले म्हणून पैसे बुडतात काय?



ऊस दिल्यापासून 14 दिवसांत एफआरपी हाती पडली नाही तर वर्षाला 15 टक्के दराने व्याज मागता येते. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातली ही तरतूद आपल्याकडे शाळेची पायरी न चढलेला सभासदही घडाघडा सांगतो. आपल्या कारखान्यालाही ऐकवतो, आणि ऐकवावेच. पण हाच सभासद शहरात दुकानाच्या गल्ल्यापुढे उभा राहिला की गप्प होतो, हे आम्हांस कोडे वाटते.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. करमाडकडच्या एका सभासदाने शहरातून पाणबुडी मोटार आणली. पैसे एटीएम कार्डाने दिले. आठवडा झाला नाही तोच मोटार जळाली. दोष मालाचा आहे हे मेकॅनिकने सांगितले, दुकानदारानेही मानले आणि मोटार ठेवून घेतली. पण मधल्या काळात कार्डाची मुदत संपून बँकेने नवे कार्ड दिले होते. झाले! दुकानदार म्हणाला, "ज्या कार्डाने पैसे दिले तेच आणा, नाहीतर पैसे निघत नाहीत. त्याऐवजी दुसरा माल न्या." जुने कार्ड तर घरी कात्रीने कापून टाकलेले. जालना रस्त्याने तीन खेपा झाल्या, इकडे उसाच्या पाळ्या चुकल्या, अन् शेवटी गडी नको असलेली पाइपांची बंडले घेऊन घरी आला.

आमचे म्हणणे साधे आहे. कार्ड ही बादली आहे, पैसा खात्याच्या विहिरीत असतो. बादली बदलली म्हणून विहीर बदलत नाही. जुन्या कार्डावर पाठवलेली रक्कम ते कार्ड देणाऱ्या बँकेकडेच जाते आणि खाते चालू असेल तर बँक ती त्याच खात्यात जमा करू शकते. मशीनमधून निघालेल्या चिठ्ठीवर व्यवहार क्रमांक असतो, त्यावरून दुकानदाराच्या बँकेला मूळ व्यवहार सापडतो. म्हणजे अडचण दुकानदाराच्या खटाटोपाची आहे, आपल्या हक्काची नाही.

दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. चोरीच्या कार्डाने माल घ्यायचा आणि परत देऊन रोकड उचलायची, असे भामटे असतात. म्हणून पैसे आले त्याच वाटेने परत पाठवण्याचा रिवाज आहे, आणि तो चांगला आहे. परंतु ऑनलाइन खरेदीचे पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने 17 मार्च 2020 रोजी ज्या सूचना काढल्या, त्यांतच म्हटले होते की परतावा मूळ मार्गाने द्यावा, मात्र ग्राहकाने संमती दिल्यास दुसऱ्या मार्गानेही देता येईल. मग खाते बंद झाले असेल तर लेखी संमती घेऊन धनादेश देण्यास किंवा दुसऱ्या खात्यात पैसे भरण्यास कोणाचा हात अडतो?

कायदा तर याहून स्पष्ट आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. सदोष माल परत घेऊन बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत, पैसे परत न करणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिल न देणे हीसुद्धा तशीच. "जुने कार्ड आणले तरच" अशी अट त्या कलमात कुठेही नाही. (चांगला माल आवडला नाही म्हणून परत करणे ही निराळी गोष्ट. तिथे दुकानाची अट चालते, उगाच भांडू नये.)

शेतकरी हा ग्राहक नव्हेच, तो धंद्यासाठी माल घेतो, असेही कोणी ऐकवील. घाबरू नका. बियाण्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2012 मध्ये शेतकऱ्याला ग्राहक मानले आहे. तक्रार आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी 1915 या क्रमांकावर फोन करून पाहावा.

एक गोष्ट मात्र गाठीशी बांधा. पैसे परत यायला पिन लागत नाही, ओटीपीही लागत नाही. "परतावा द्यायचाय, नंबर सांगा" असा फोन आला तर तो खुशाल बंद करावा. आणि मशीनची चिठ्ठी काही काळाने कोरी पडते, म्हणून तिची झेरॉक्स काढून बिलाला टाचून ठेवावी.

शहरातल्या दुकानाला नावे ठेवताना आपल्या अंगणाकडेही पाहावे लागेल. कारखान्याच्या ग्राहक भांडारात सभासद कार्डाने खते-औषधे घेतात, तिथेही परताव्याचा नियम कुठे लिहिलेला नाही, कारकुनाच्या मर्जीवर चालते. बिल आणि ओळखपत्र पाहून, कार्ड बदलले असल्यास पैसे सभासदाच्या उसाच्या बिलाच्या खात्यात 30 दिवसांत जमा करावेत, असा फलक भांडारात लावावा ही आमची मागणी आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे हा विषय यावा, म्हणून ज्यांचे असे पैसे अडकले आहेत त्यांनी बिलाची प्रत आपापल्या गट कार्यालयात आणून द्यावी.