पेंटोग्राफ राहू द्या, पण झेलाही येऊ द्या

लोकलच्या टपावर बसवलेलं आणि वरच्या तारेतून वीज घेणारं यंत्र म्हणजे पेंटोग्राफ. त्याला मराठी नाव असावं की नसावं, या वादाला शीव कोळीवाड्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. भारतातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली, ती इथूनच. पूर्वीचं कोळीवाडा स्थानक आज गुरु तेग बहादूर नगर म्हणून ओळखलं जातं. कुर्ल्याकडे निघालं की पुढचंच स्थानक चुनाभट्टी, आणि मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन त्याच परिसरात आहे. विजेच्या गाडीला शंभर वर्षं होऊन गेली, तरी तिची परिभाषा मराठीत रुळलेली नाही.

शुद्धिवादी म्हणतात, पेंटोग्राफ हा शब्द हटवा आणि संस्कृत धातूंवरून नवा घडवा. हे मला मान्य नाही. मुळात पेंटोग्राफ म्हणजे चित्राची लहानमोठी नक्कल काढायचं, जोडपट्ट्यांचं एक उपकरण. सतराव्या शतकाच्या आरंभी क्रिस्टोफ शायनरने ते बनवलं. त्याच्या ग्रीक नावात लिहिण्याचा अर्थ आहे, विजेचा मागमूस नाही. टपावरची जुनी चौकट त्या उपकरणासारखी चौकोनी उघडमीट करणारी होती, म्हणून हे नाव तिला चिकटलं. आताच्या बहुतेक गाड्यांवर एकाच कोपराची अर्धी चौकट असते, म्हणजे तेही साम्य अर्धंच उरलं. अशा नावाचं भाषांतर करण्यात काय अर्थ आहे? ‘पेंटोग्राफमध्ये बांबू अडकला’ हे वाक्य मुंबईकराला पुरतं कळतं. तो शब्द आता आपलाच आहे.

पण म्हणून दुसऱ्या पक्षाची वकिली मी करणार नाही. इंग्रजी शब्द चालतातच, मराठी हवेत कशाला, असं तो म्हणतो. पेंटोग्राफ हा वीज घेण्याचा एकच प्रकार झाला. १९०७ ते १९६४ मुंबईत धावलेल्या विजेच्या ट्रामवर लांब दांडा असे. १९६२ ते १९७१ चाललेल्या ट्रॉलीबसला तर दोन दांडे लागत, कारण रबरी चाकांमुळे प्रवाहाला परतायला रूळ नव्हता. युरोपात धनुष्यासारखी कमान वापरली गेली. या सगळ्यांना मिळून एक जातिवाचक नाव लागतं. ते नसेल तर विद्यार्थ्याला प्रकार पाठ होतील, तत्त्व उमगणार नाही.

इथे हाताशी येणारे प्रतिशब्द मात्र फसवे आहेत. संग्राहक म्हणजे साठवणारा; नाण्यांचा संग्राहक असतो. हे यंत्र काहीच साठवत नाही. तारेपासून सुटलं की गाडीला मिळणारा प्रवाह तिथेच तुटतो. वीजग्राहक म्हणावं, तर तो आपल्या घरच्या बिलावर आधीच बसला आहे. वरच्या तारेसाठी रेल्वेच्या हिंदीतली ‘संपर्क तार’ जशीच्या तशी उचलली, तर मराठी माणसाला पोस्टातली तार आठवेल. त्यापेक्षा स्पर्शतार म्हणावं. वरच्या आधारतारेला टांगलेली ही खालची तार रुळांच्या मध्यरेषेच्या कधी डावीकडे, कधी उजवीकडे अशी नागमोडी नेतात, म्हणजे पेंटोग्राफची कार्बनची पट्टी एकाच जागी झिजत नाही. स्पर्शाने झीज होते, म्हणून तारेला ही वळणं, हे त्या नावातूनच समजतं.

जातिवाचक नाव म्हणून मी ‘वीजझेला’ सुचवतो. आंबा उतरवायचा झेला खालून वर जातो, फळाला इजा न करता ते घेतो. टपावरचं यंत्रही तसंच खालून उचललं जातं आणि तारेला न दुखावता वीज घेतं. दांडा, कमान, पेंटोग्राफ हे सारे वीजझेलेच. कोलकाता किंवा बंगळुरू मेट्रोत जमिनीलगतच्या तिसऱ्या रुळावर घासत जाणारा भाग मात्र झेला नव्हे, आणि हा भेद वेगळा शिकवावाच लागत नाही.

हा केवळ कोशकारांचा प्रश्न नाही. एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरचा १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह गेला आणि २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती आला. या दाबाला तारेला हात लागायचीही गरज नाही. नुसतं जवळ गेलं तरी वीज झेप घेते. टपावर चढणाऱ्या पोराला ‘ओएचई’ (ओव्हरहेड इक्विपमेंट) ही अक्षरं काय सांगणार? स्पर्शतारेच्या जवळ जाणंही जीवघेणं आहे, हे त्याला त्याच्या भाषेत, फलकावर आणि शाळेत कळलं पाहिजे.

झेला हा शब्द गावंढळ आहे, असा आक्षेप येईल. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आंबा काढायचं सुधारित अवजार बनवलं तेव्हा त्याला ‘नूतन झेला’ हेच नाव दिलं, आणि बागायतदारांनी ते घेतलं. जो शब्द कृषी अभियंत्यांना चालला, तो विद्युत अभियंत्यांना न चालण्याचं एकही कारण मला दिसत नाही.