जब्याचा दगड आणि आपली भांडणं

दिवाळीच्या सुट्टीत घरी नऊ-दहा जण जमलो होतो. जेवणं आटोपली, टीव्हीवर 'फँड्री' लावला, आणि सिनेमा संपल्यावर कोणी उठायच्या आत भांडण सुरू झालं.

"तो दगड माझ्या अंगावर आला," वहिनी म्हणाल्या.

"तुमच्या कसा येईल वहिनी?" दाजींचा सवाल. "चिडवणाऱ्या पोरावर मारलाय त्यानं. कॅमेरा त्या पोराच्या जागी होता, एवढंच."

धाकट्या भावानं जाहीर केलं की दगड समाजावर मारला आहे. त्यावर दाजींनी विचारलं, "समाज म्हणजे नक्की कोण? सोसायटीची कमिटी?" इथून पुढे आवाज चढले. साडेबारा वाजता दोघं जण तोंड फिरवून झोपायला गेले, आणि सकाळी पोह्यांच्या ताटल्या घेऊनसुद्धा एकमेकांकडे बघेनात. एका दगडापायी!

ज्यांनी 'फँड्री' अजून पाहिलेला नाही, त्यांनी हा लेख आत्ता बाजूला ठेवून आधी सिनेमा पाहिला तरी माझी तक्रार नाही. कारण पुढे शेवटच सांगणार आहे.

नागराज मंजुळे यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. 'फँड्री' म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. जब्या शाळेत जातो, वर्गातली शालू त्याला आवडते, आणि एका काळ्या चिमणीच्या मागे तो रानोमाळ भटकतो. बाप कचरू माने गाव सांगेल ती कामं करतो. गाव त्याला डुकरं धरायला लावतं आणि सगळं कुटुंब त्या कामाला जुंपलं जातं, शाळेच्या आसपास, अख्ख्या गावादेखत. शेवटी डुक्कर बांधून नेताना पोरं चिडवतात. जब्या दगड उचलतो, मारत सुटतो. त्यातला एक दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो. पडदा काळा. सिनेमा संपला.

तेव्हापासून महाराष्ट्रात जिथे म्हणून हा सिनेमा चार जणांनी एकत्र पाहिला, तिथे हा वाद झालेला आहे. होऊ द्यावा. माझं म्हणणं तो कसा करावा याबद्दल आहे.

पहिली गोष्ट अगदी साधी. अर्थ सांगण्याआधी दृश्य सांगा. काय दिसलं, काय ऐकू आलं, कशानंतर काय आलं. हे पोरकट वाटेल, पण करून बघा. आमच्या घरात एक जण शपथेवर सांगत होता की दगड लागल्यावर काच फुटल्यासारखा पडदा तडकतो. मीही मान डोलावली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून पाहिलं तर तडा नाही, काच नाही, नुसता काळोख. म्हणजे आदल्या रात्री आम्ही दोघं जण सिनेमात नसलेल्या काचेवर अर्धा तास तावातावानं बोललो होतो. शालू हसते की नुसती बघते, यावर आणखी पंधरा मिनिटं गेली होती. त्याचं उत्तर मी इथे देत नाही, तुम्हीच बघा.

दृश्य नीट सांगायला बसलं की निम्मी भांडणं तिथेच मिटतात. उरलेली निम्मी खरी. दाजींचा मुद्दा घ्या. कॅमेरा कुठे ठेवलाय, हा प्रश्न त्यांनी नकळत विचारला होता, आणि सिनेमाबद्दल विचारण्यासारखा त्याहून कामाचा प्रश्न मला माहीत नाही. कॅमेरा चिडवणाऱ्यांच्या बाजूला उभा आहे, हे खरं. पण तिथे उभा राहून बघतंय कोण? आपणच. मग दाजी आणि वहिनी एकच गोष्ट दोन टोकांनी धरून बसले होते. दगड पोरावर मारलाय आणि आपण त्या पोराच्या रांगेत बसलोय. यात भांडण्यासारखं काय होतं, ते आता आठवून सांगता येत नाही.

डुक्कर धरण्याच्या पाठलागातलं मधलं एक दृश्य तर वादासाठी याहून सकस आहे, आणि लोक ते शेवटच्या दगडाच्या नादात विसरतात. डुक्कर अगदी हाताशी आलंय, आता धरणार, एवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. घरचेही थांबतात. डुकराला राष्ट्रगीत कळत नाही, ते निघून जातं.

यावर लोक हसतात. हसू येतंच. कोणी म्हणतं, दिग्दर्शकानं चिमटा काढलाय. कोणी म्हणतं, चिमटा कसला, ज्या पोराला गाव माणसात धरत नाही तोच सगळ्यांत ताठ उभा राहतो, हा त्याचा मान आहे. आणखी कोणी म्हणेल, शाळेनं त्याला तेवढंच शिकवलं, उभं राहायला. मला तिन्ही पटतात, कारण तिन्ही त्या दृश्यात उभी आहेत. कोणीही बाहेरून काही आणलेलं नाही. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाचा तर आणखी एक पेच आहे. आपल्याकडे थिएटरात सिनेमाआधी राष्ट्रगीत लागतं, आपण उभे राहतो, मग बसून पॉपकॉर्न हातात घेतो. तासाभरानं पडद्यावर तेच राष्ट्रगीत, आणि आता उभं राहायचं की नाही? कथेचा भाग म्हणून राष्ट्रगीत वाजलं तर उभं राहायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१७ मध्ये स्पष्ट केलं. त्याआधी हा सिनेमा पाहणाऱ्याला ते आपल्या मनाशीच ठरवावं लागे. जब्या उभा, आपण खुर्चीत. या दृश्याचा अर्थ काय, असं कोणी विचारलं तर तेव्हा तुम्ही काय केलंत, ते आधी सांगावं लागेल.

आता माझी चूक सांगतो.

त्या रात्री आमच्यात माझा कॉलेजचा एक मित्र होता. सगळा वेळ गप्प. कधीतरी मध्येच तो म्हणाला, "डुक्कर धरताना तुम्ही हसलात ना?" मला वाटलं, हा विषयांतर करतोय. मी त्याला थांबवून प्रेक्षकाची भूमिका, दिग्दर्शकाची नजर वगैरे सुनावलं. मला तसं बोलायची खोड आहे. तो पुन्हा गप्प झाला.

चार दिवसांनी सिनेमा पुन्हा पाहताना त्याचा प्रश्न मला कळला. कचरूचं कुटुंब धडपडतंय, डुक्कर निसटतंय, कोणी घसरतंय, आणि आमच्या दिवाणखान्यात हशा. त्याच वेळी पडद्यावर बघ्यांची गर्दी बसलीय आणि तीही हसतेय. आमचं हसू आणि त्यांचं हसू एकाच वेळी चालू होतं. नंतर दगड आला. वहिनी म्हणाल्या, माझ्या अंगावर आला. त्यांना का तसं वाटलं, याचा पुरावा सिनेमात शोधायची गरजच नव्हती. तो आमच्या सोफ्यावर होता. मित्राला तेवढंच म्हणायचं होतं आणि मी त्याला बोलू दिलं नाही. तो हसला नव्हता. का, ते त्यानं नंतर मला सांगितलं. ते त्याचं आहे, इथे लिहीत नाही.

म्हणून दुसरी विनंती. चर्चेत जो कमी बोलतो, त्याला विचारा की तुला काय दिसलं. "तुझं मत काय" असं विचारलं की माणूस सावध होतो आणि काहीतरी छापील बोलतो. "काय दिसलं" असं विचारलं की तो दृश्य सांगायला लागतो. आणि तो सांगत असताना मधे बोलू नका. ज्यानं दगड खाल्लेत, ज्यानं मारलेत आणि ज्यानं नुसते बघितलेत, त्या तिघांना तोच सिनेमा एकसारखा दिसणार नाही.

पण याचा अर्थ सगळेच अर्थ सारखे, असं मी म्हणत नाही. हल्ली ही एक सोयीची पळवाट झाली आहे. "ज्याचं त्याचं इंटरप्रिटेशन" म्हटलं की वाद बंद, विचारही बंद. एकदा एका गृहस्थांनी मला पटवायचा प्रयत्न केला की ही नुसती कोवळ्या वयातली प्रेमकथा आहे, उगाच जात कशाला आणता? दगड म्हणजे त्या वयातला राग. मी त्यांना एकच विचारलं, डुक्कर काठीला टांगून ज्या भिंतीजवळून नेतात, त्या भिंतीवर कोणाची चित्रं होती? त्यांना भिंतच आठवत नव्हती. त्या भिंतीवर डॉ. आंबेडकर आहेत, सावित्रीबाई आहेत. चित्रांसमोरून ते डुक्कर जातं आणि कॅमेरा ते निवांत दाखवतो. ही भिंत ज्या अर्थात बसत नाही तो अर्थ चुकीचा आहे. मत वेगळं असायला हरकत नाही, पण निम्मा सिनेमा विसरल्याशिवाय जे मत टिकत नाही, त्याला मी तरी मत म्हणणार नाही.

याच कारणासाठी आणखी एक सांगतो. व्हॉट्सअॅपवर आलेल्या तीस सेकंदांच्या तुकड्यावरून वाद घालू नका. दगडाचा तुकडा एकटा पाहिला तर एक पोरगा चिडून दगड मारतोय, यापलीकडे त्यात काही नाही. त्या दगडाला वजन आहे ते आधीच्या दीड तासाचं. काळी चिमणी, शालूसमोर लपणं, बापाचा मार, राष्ट्रगीत, भिंत, हे सगळं त्या हातात आहे. ज्यानं पूर्ण सिनेमा पाहिला नाही त्याला प्रेमानं सांगा, आधी बघून ये, मग बोलू.

काही जण वाद मिटवायला म्हणतात, दिग्दर्शकालाच विचारा. दिग्दर्शकाचं जरूर ऐकावं. मंजुळे तर स्वतःच सिनेमात आहेत, सायकलच्या दुकानातला चंक्या म्हणून. काळ्या चिमणीचं वेड जब्याला लावण्यात याच चंक्याचा हात. पण त्यांना जे म्हणायचं होतं ते त्यांनी पडद्यावर ठेवलं आणि ते बाजूला झाले. शेफनं रेसिपी सांगितली म्हणून आमटी खारट की अळणी ते काही बदलत नाही. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, त्यांचाच 'सैराट' आला. शेवटच्या मिनिटांत आवाज पूर्ण जातो, लहान मूल रडत बाहेर येतं, मागे रक्ताची पावलं. थिएटरात माझ्या शेजारचा माणूस मागे वळून ओरडला, "अरे, साउंड गेला!" दोन क्षणांनी त्याचं त्यालाच कळलं आणि तो खाली बसला. त्याला दिग्दर्शकाच्या खुलाशाची गरज पडली नाही. शांतताच पुरली.

मुलांशी बोलतानाही हे करा. दहावीतल्या मुलाला "या दृश्यातून काय बोध घ्यावा" असं विचारलं की तो निबंध बोलायला लागतो. त्यापेक्षा विचारा, दगड मारायच्या आधी तो कोणाकडे बघत होता? मुलं आपल्यापेक्षा नीट बघतात. माझ्या पुतणीनं पहिल्याच फटक्यात दाजींची एक चूक काढली. दाजींना ती अजून मान्य नाही.

येत्या रविवारी आमच्याकडे चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' लावायचा बेत आहे. त्याच्या शेवटावरही भांडण होणार, हे आत्ताच सांगतो. न्यायालयातले दिवे मालवतात, अंधार होतो, वाटतं संपला. आणि मग सुट्टीवर गेलेले न्यायाधीश बाकावर डुलक्या घेताना दिसतात, पोरं कानाशी ओरडतात, ते दचकून उठतात, एका पोराला थप्पड मारतात आणि पुन्हा झोपतात. सिनेमा तिथे का संपतो, यावर दाजी आत्तापासूनच तयारीत आहेत. त्या मित्रालाही बोलावलंय, आणि या वेळी पहिल्यांदा तोच बोलणार, असं ठरलंय. सिनेमा संपला की चहा करायला मी आत जाणार आहे. तेवढा वेळ तरी माझं तोंड बंद राहील.