एक शिक्षक, दोन शाळा

इंग्लंडमधील एखाद्या शासकीय माध्यमिक शाळेत चारच विद्यार्थ्यांना लॅटिन शिकावयाचे असले, तर मुख्याध्यापकांपुढे प्रथम हिशेब उभा राहतो. शासनाकडून मिळणारी रक्कम मुख्यतः विद्यार्थिसंख्येवर ठरते. शिक्षकाचा पगार मात्र वर्गात चार मुले असोत वा चोवीस, तेवढाच. व्यापारी घरातील वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. गिऱ्हाईक तुरळक असलेल्या मालासाठी कोणी स्वतंत्र गाळा घेत नाही. मग तो विषय बंद पडतो. 2021 मध्ये तेथील शिक्षण खात्याने दिलेले आकडे बोलके आहेत: अकरा ते चौदा वयोगटासाठी लॅटिन 49 टक्के खासगी शाळांत शिकविले जात होते; शासकीय शाळांत हे प्रमाण 2.7 टक्के होते.

ही दरी बुजविण्याचे दोन मार्ग इंग्लंडने अनुभवले आहेत. 1981 पासून निवडक हुशार मुलांची खासगी शाळेतील फी सरकार भरू लागले. 1997 मध्ये ब्लेअर सरकारने ती योजना मोडीत काढली आणि लवकरच खासगी व शासकीय शाळांच्या भागीदारीस अनुदान देण्यास आरंभ झाला. पहिल्या योजनेत मूल शाळेकडे जात होते, दुसरीत विषय मुलाकडे जाऊ लागला. हा दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा, कारण फी भरल्याने एक मूल वर येते, पण त्याची जुनी शाळा एका हुशार विद्यार्थ्याला मुकते.

यॉर्क शहरात 2007 पासून दोन्ही प्रकारच्या शाळांनी एकत्र येऊन शनिवारचे वर्ग चालविले. पूर्व लंडनमधील न्यूहॅम भागात 2012 साली ‘लंडन अकॅडमी ऑफ एक्सलन्स’ ही सोळा वर्षांवरील विद्यार्थ्यांसाठीची विनाशुल्क शासकीय शाळा सुरू झाली. ब्रायटन कॉलेज, ईटन आदी खासगी शाळांचे तिला पाठबळ लाभले आणि तिचे विषयविभाग त्या शाळांच्या विभागांशी जोडले गेले. अशा कामातील खरी अडचण सद्भावनेची नसते, वेळापत्रकाची असते. दोन शाळांच्या तासिका जुळत नाहीत, म्हणूनच शनिवार किंवा शाळा सुटल्यानंतरची वेळ निवडावी लागते. मग ने-आण करणाऱ्या बसचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न येतो.

भागीदारीमागे निव्वळ औदार्य आहे, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तेथील बऱ्याच खासगी शाळा धर्मादाय संस्था आहेत. शिक्षण देणे म्हणजे आपोआप लोकहित, हे गृहीतक 2006 च्या कायद्याने रद्द केले. गरिबांना नाममात्र नव्हे, खरा लाभ दिला पाहिजे, पण तो कसा द्यावा हे विश्वस्तांनी ठरवावे, असा निर्णय 2011 मध्ये न्यायाधिकरणाने दिला. शिक्षक वा प्रयोगशाळा वाटून घेणे हा त्यातला तुलनेने स्वस्त मार्ग होय.

आता हिशेब पुन्हा बदलला आहे. 1 जानेवारी 2025 पासून खासगी शाळांच्या फीवर 20 टक्के मूल्यवर्धित कर लागला. एप्रिलपासून धर्मादाय शाळांची स्थानिक करातील सवलतही गेली. कर योग्य की अयोग्य, हा वाद तूर्त बाजूस ठेवू. काटकसरीची वेळ आली की, ज्या खर्चासमोर उत्पन्नाचा रकाना रिकामा असतो, त्यालाच प्रथम कात्री लागते. शेजारच्या शाळेतील तासिका नेमकी तशीच. सरकारी पैसाही अधिक भरवशाचा निघाला नाही. शासकीय शाळांत लॅटिन रुजविण्यासाठी आखलेल्या कार्यक्रमाचे अनुदान फेब्रुवारी 2025 मध्ये, शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर थांबले. अभ्यासक्रमाच्या अर्ध्या वाटेवर असलेल्या मुलांना परीक्षा मात्र द्यावयाचीच होती.

भारताच्या 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही एका शासकीय शाळेची एका खासगी शाळेशी जोडी लावण्याचे कलम आहे. साधनांची देवाणघेवाण ‘शक्य असल्यास’ करावी, असे तेथे म्हटले आहे. कर्जाच्या करारात हे दोन शब्द असते, तर कोणत्याही बँकेची वसुली झाली नसती! ज्या विश्वस्त संस्थेच्या शाळेत सुसज्ज प्रयोगशाळा आहे आणि पलीकडच्या रस्त्यावर नगरपालिकेची शाळा आहे, तिने पुढील सभेत एवढे तरी लेखी नोंदवावे: कोणता विषय, आठवड्यातील कोणते तास, किती वर्षे, आणि बसभाडे कोणाच्या खात्यातून.